बेचाळिसावी चिठ्ठी

१

पेटीचं झाकण उघडलं आणि आत बघून माझी बोबडी वळली.

माझी बोबडी वळणं ही काही रोजची गोष्ट नव्हे. या धुलाई कारखान्यात घडीच्या टेबलावर मी सव्वीस वर्षं मुख्य आहे. दवाखान्यांच्या चादरी, हॉटेलांचे टेबलक्लॉथ, न्हाव्यांचे टॉवेल, सगळं धुऊन, रोलरखालून इस्त्री होऊन शेवटी माझ्यासमोर येतं. शाळा चौथीपर्यंतच, तीही रडतखडत. पण या जिभेच्या जोरावर तीन मॅनेजर पळवून लावलेत आणि चौथ्याला नमस्कार करायला शिकवलंय. त्या दिवशी मात्र तीच जीभ टाळूला चिकटली.

पेटी होती दिवसबाईची. ही बाई हेड ऑफिसातून महिन्यातून एकदा येते आणि येताना एक दिवस घेऊन येते. कधी हसण्याचा दिवस, कधी वेगळेपणाचा मान राखण्याचा, कधी सगळ्यांना सामावून घेण्याचा. आम्ही छातीवर फिती लावतो, टाळ्या वाजवतो, फोटो निघतो. संध्याकाळी ती फिती मोजून परत नेते आणि सामावून घेतलेले सगळे पुन्हा आपापल्या कोपऱ्यात जातात. आम्ही तिला दिवसबाई म्हणतो. तिला वाटतं कौतुकानं म्हणतो.

या खेपेला मनाच्या आरोग्याचा दिवस होता. भिंतीवर हा मोठा कागद: 'लपवू नका, लिहा.' खाली पत्र्याची पेटी, तिला फट, फटीखाली पिवळं कुलूप.

"नाव घालायचं नाही," दिवसबाई म्हणाली होती. "जे कुणालाच सांगता येत नाही ते लिहायचं. उद्या अकरा वाजता मी सगळ्यांसमोर पेटी उघडेन आणि त्यावर आपण उपाय करू. किल्ली एकच आहे, ती माझ्या पर्समध्ये राहील."

लोकांनी लिहिलं हो! मला वाटलं होतं चारदोन चिठ्ठ्या पडतील. पण मशीनवाले, घडीवाल्या, सगळे कोपऱ्यात तोंडं करून लिहीत होते. कुणी सुरळी करून टाकली, कुणी पुडी बांधून, कुणी नखाएवढी बारीक करून. मी कोरा कागद चुरगळला, त्याचा बोळा केला आणि फटीतून कोंबला. मला जे म्हणायचं असतं ते मी तोंडावर म्हणते, मला पेटी कशाला लागतेय?

आणि आता, दुसऱ्या दिवशी अकरा वाजता, पेटीत ना सुरळी होती, ना पुडी, ना बोळा. दहा-दहाचे चार गठ्ठे आणि वर एक चिठ्ठी. प्रत्येक चिठ्ठीची तीनपदरी घडी, कडेला कड जुळलेली, जणू धुवून इस्त्री करून ठेवलेली. माझा बोळासुद्धा त्यात होता, सुरकुत्यांसकट, तीनपदरी.

"अगं बाई, कुणीतरी उघडून वाचल्यात!" मी ओरडले. "सगळ्याच्या सगळ्या!"

कँटीनभर खुर्च्या मागे सरकल्या. चार बायका तिथेच रडायला लागल्या. बॉयलरवाला, सहा फुटी गडी, खुर्चीवर मटकन बसला. त्यानं काय लिहिलं होतं देव जाणे.

मग मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "पण ही घडी तर मावशींची आहे."

झालं. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

२

"मावशीच म्हणतात ना," मशीनवाली म्हणाली, "घडी दाखवा, माणूस सांगते! मग कुणाची चिठ्ठी कुठली ते त्यांच्याशिवाय कुणाला कळणार?"

स्वतःच्या फुशारकीनं माणूस मरतो तो असा. खरंच होतं ते. माझ्या हाताखाली शिकलेल्यांपैकी कुणी घडी घातली हे मी लांबून सांगते, आणि गेली वीस वर्षं ते सगळ्यांना ऐकवतेही.

"अगं, वाचून मी काय तुझं लोणचं घालू?" मी तिला म्हणाले. "मला एक ओळ वाचायला अर्धा तास लागतो. बेचाळीस चिठ्ठ्या वाचायच्या तर मला पेन्शन लागेल!"

कुणी हसलं नाही. तिथे मला पहिल्यांदा भीती वाटली.

"एक्केचाळीस," बाजूनं आवाज आला. आमच्या वन्सं. माझ्या नवऱ्याची बहीण, विधवा, आमच्याकडेच राहतात आणि कारखान्यात मोजणीला असतात. त्यांना काहीही दिसलं की आधी मोजतात. माझ्या लग्नात त्यांनी पाहुण्यांच्या चपला मोजल्या होत्या. "मी इथे चौतीस कागद वाटले, चौतीस पेटीत पडलेले बघितले. बाजारातल्या आपल्या दुकानाच्या काउंटरवरच्यांनी आठ टाकले. झाले बेचाळीस. इथे एक कमी आहे, वहिनी."

दिवसबाईचा चेहरा पेटीच्या पत्र्यासारखा झाला होता. बिचारी, तिला खरंच धक्का बसला होता. "मी लोकांना शब्द दिला होता हो," ती परत परत म्हणत होती. मग सावरून माझ्याकडे वळली. "मावशी, पाच वाजेपर्यंत हे उलगडलं नाही तर मला हेड ऑफिसला कळवावं लागेल. आणि उद्यापासून तुम्ही... घरी थांबा."

सव्वीस वर्षं! आणि घालवणार कशावरून, तर घडीवरून!

मी तेव्हा समजत होते की पणाला माझी इज्जत लागलीय. मूर्ख होते. पणाला लागला होता तो ती हरवलेली चिठ्ठी लिहिणारीचा हात, कदाचित जीव. सभा संपली आणि ती बाई मुकाट्यानं जाऊन तापलेल्या रोलरपाशी उभी राहिली. चादरीचं टोक दोन्ही हातांनी रोलरच्या तोंडात द्यायचं, बोटं मागे घ्यायची, पुढची चादर. बोटं मागे घ्यायला क्षणभर उशीर झाला तर काय होतं, ते सांगायला आमच्याकडे एक तीन बोटांचा वॉचमन आहे.

आणि घड्याळात साडेअकरा वाजले होते.

३

मी आधी स्टोअरवाल्याकडे गेले. पेटी सकाळी त्याच्याच खोलीत ठेवलेली होती.

"मला काही माहीत नाही," तो आधीच म्हणाला.

"मी अजून विचारलं कुठे? कुलूप कुणी दिलं बाईला?"

"मीच. त्यांनी मागितलं, दिलं. पिवळं, आपलं नेहमीचं."

मी कपाळाला हात लावला. आमच्याकडे मळक्या कपड्यांचे पिंजरे असतात, चाकांचे. दवाखान्याचा माल कुणी उचकू नये म्हणून प्रत्येकाला पिवळं कुलूप. साठ कुलपं, आणि साठांना मिळून एकच किल्ली, नाहीतर रोज किल्ल्या शोधण्यातच दिवस जायचा. हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक. ठाऊक नव्हतं ते फक्त हेड ऑफिसातून आलेल्या बाईला. ती पर्समध्ये जी एकुलती एक किल्ली जपत होती, तिच्या बहिणी अर्ध्या कारखान्याच्या कमरेला लटकत होत्या.

"कुणाकुणाकडे आहे ती किल्ली?"

"माझ्याकडे. सुपरवायझरकडे. गाडीवाल्यांकडे."

"आणि तू वाचल्यास चिठ्ठ्या?"

"मावशी, माझा रुमाल बघा." त्यानं खिशातून बोळा काढून दाखवला. पाव किलोचा असेल. "मला घडी आली असती तर बायको माहेरी गेली असती का?"

बरोबर होतं. सव्वीस वर्षांत त्या माणसाच्या हातून एक कापड सरळ दुमडलं गेलं नाही.

मग मी काउंटरवाल्या बाईला फोन लावला. काल संध्याकाळी पेटी गाडीतून बाजारातल्या काउंटरवर गेली होती. तिथल्या आठजणांनी चिठ्ठ्या टाकल्या, रात्रभर पेटी दुकानात बंद, सकाळी गाडीनं परत आली.

"मावशी, मी तर चिठ्ठीला स्टेपलर मारला होता," ती म्हणाली, आणि फोनवरच तिचा आवाज फुटला. "वाचली का हो कुणी?"

मी गठ्ठ्यांत शोधलं. दोन बारीक भोकं असलेली चिठ्ठी सापडली. तीनपदरी. तिच्या चिठ्ठीचीसुद्धा घडी बदललीय, म्हणजे पेटी उघडली गेली ती काउंटरवरून निघाल्यावर. आज सकाळी. शिकलेल्यांनी याला काय म्हणायचं ते म्हणावं, मी याला साधं डोकं म्हणते.

एवढ्यात माझा थोरला चहा घेऊन आला. बाजाराच्या गाडीवर तोच असतो. पांढरा गणवेश, बाह्यांच्या कडा कशा कोऱ्या करकरीत. "आई, घे आधी. कुणी काही म्हणू दे, तू मनाला लावून घेऊ नकोस."

"सकाळी उशीर का केलास रे? पेटी आठला यायची ती पावणेनऊला आली."

"पंक्चर झालं होतं. चाक बदललं."

चाक बदलूनही गणवेशाला डाग नाही! मनात म्हटलं, याला म्हणतात वळण. दुसऱ्यांची पोरं नुसती जेवून उठली तरी ढेकूण चिरडल्यासारखी दिसतात.

"सूनबाई जेवली का?"

"नाही. भूक नाही म्हणते." त्यानं मान फिरवली.

सूनबाई म्हणजे त्याची बायको. कामाला वाघीण, पण एक खोड आहे: मधेच तंद्री लागते. दूध उतू जातं, ही शेजारी उभी राहून भिंतीकडे बघत असते. हाक मारली तरी ओ नाही. मग मी माझ्या पद्धतीनं जागी करते. एरवी गुणाची आहे म्हणूनच गेल्या महिन्यात सुपरवायझरच्या, आमच्या शिट्टीच्या, मागे लागून मी तिला घडीवरून रोलरवर नेमून घेतलं. रोलरवालीला मान असतो. सगळ्या कारखान्याला ऐकवलं, माझी सून रोलरवर!

चहा संपवला आणि उठले. सकाळी पावणेनऊ ते अकरा पेटी स्टोअरमध्ये. स्टोअरची दुसरी किल्ली शिट्टीकडे. पिवळ्या कुलपाची किल्ली शिट्टीकडे. आणि घडी? ती तर मीच त्याला शिकवली होती.

चोर सापडला होता.

४

शिट्टी म्हणजे आमचा सुपरवायझर. गळ्यात कायम शिट्टी. वीस वर्षांपूर्वी माझ्याच टेबलावर टॉवेल दुमडायचा. मी दिवसबाईला त्याच्या खोलीत बसवलं, वन्संना साक्षीला घेतलं आणि त्याच्यासमोर एक चिठ्ठी आपटली.

"उलट्या काळजाच्या, लोकांचं मन वाचायला लाज नाही वाटली?"

"मावशी, काय बोलताय?"

"किल्ली तुझ्याकडे. स्टोअरची किल्ली तुझ्याकडे. नऊला तू स्टोअरमध्ये गेलास, स्टोअरवाला सांगतोय. आणि ही घडी तू माझ्याकडून शिकलास. हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

तो लाल झाला, मग पांढरा. पण शिट्टी वाजवली नाही. चिठ्ठी उचलली आणि निरखत बसला. शेवटी शिष्य कुणाचा!

"मावशी, एक कागद घ्या आणि घडी घाला."

"मी? तू घाल!"

"दोघंही घालू."

दोघांनी घातली. माझे हात काय, झोपेतही चालतात. एक तिसरा भाग आत, दुसरा वर, दाब. त्याचीही तशीच.

"आता ही चिठ्ठी बघा," तो म्हणाला. "बाहेरून आपलीच वाटते. पण शेवटची कड?"

मी वाकले. दिवसबाई वाकली. वन्संनी चष्मा लावला.

चिठ्ठीची शेवटची कड नुसती वर टेकवलेली नव्हती. ती दोन बोटं आत खोचलेली होती, पाकिटासारखी, सुटू नये म्हणून.

"अशी घडी आपण कधीच घालत नाही," शिट्टी म्हणाला. "दवाखान्यात चादर एका झटक्यात उघडावी लागते. खोचली तर नर्स आपल्याला खोचून ठेवेल. बाई, सव्वीस वर्षांत यांनी इथे अशी घडी घातलेली नाही, आणि मीही नाही. हे मावशींचं काम नाही. माझंही नाही. कारखान्यातल्या कुणाचंच नाही."

"म्हणजे बाहेरचा माणूस?" दिवसबाईनं विचारलं. मग माझा हात धरला. "मावशी, मला माफ करा. मी तुमच्यावर उगाच..."

मी सुटले होते. इज्जतीनं. खरं तर त्या क्षणी मी शिट्टीला आणखी दोन शब्द ऐकवून, मान वर करून बाहेर पडायला हवं होतं.

पण मी ती चिठ्ठी पुन्हा उचलली.

कारण ती घडी मला ठाऊक होती. आमच्या घरातलं कपाट अरुंद आहे. नुसती तीनपदरी घडी ठेवली तर दार उघडताच कपडे अंगावर कोसळतात. म्हणून घरी मी कड आत खोचते, आणि घरातल्या प्रत्येकाला तशीच खोचायला लावते. ती घडी जगात एकाच कपाटात आहे.

मी वर बघितलं. वन्सं चष्म्यातून माझ्याचकडे बघत होत्या. त्यांनाही कळलं होतं.

५

"मी नाही हं, वहिनी," बाहेर आल्याबरोबर वन्सं कुजबुजल्या. "माझ्याकडे पिवळी किल्ली नाही. माझ्या कमरेला फक्त तुमच्या धान्याच्या डब्याची आहे, तीही तुम्ही परत मागता."

"गप्प बसा हो वन्सं."

"तीच तर चूक झाली. सगळे गप्प बसतो तुमच्यापुढे."

या खेपेला मोजायला मीच लागले.

नवरा कधीचाच वारला, धाकटा परगावी; घरात आम्ही चौघं. मी नाही. वन्सं नाहीत. सूनबाई सकाळी सातपासून माझ्या डोळ्यांसमोर. उरला कोण? माझ्याच डोक्यानं मला उत्तर दिलं आणि मी त्या डोक्याला शिव्या दिल्या. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं! शिट्टीला उलट्या काळजाचा म्हणताना मला एक क्षण लागला होता.

मी गाडीपाशी गेले. थोरला मागच्या दारात बसला होता. मी बोलले नाही. वाकून गाडीच्या खाली लटकवलेलं जादा चाक बघितलं. त्याच्यावर धुळीचा थर, बोट फिरवलं तर रेघ उठावी असा. चारी चाकं बघितली. चारी चिखलानं सारखीच माखलेली.

"कोणतं चाक बदललंस?" मी विचारलं.

त्यानं बाहीची कड चिमटीत धरली.

"पंक्चर काढलेल्या माणसाच्या बाह्या अशा कोऱ्या असतात? आणि मी मूर्ख, कौतुक करत बसले!"

"आई..."

"का उघडलीस पेटी?"

त्याचा चेहरा असा झाला की मला तो पाच वर्षांचा असतानाचा दिसला. "मला एकच चिठ्ठी हवी होती. पण तिनं ती कशी दुमडली होती ते मला माहीत नव्हतं. सगळ्या उघडाव्या लागल्या. आई, मी वाचल्या नाहीत. अक्षर बघायचो आणि बाजूला ठेवायचो, शप्पथ. पुन्हा पेटीत भरताना मला दुमडलेलं कळलंसुद्धा नाही. हात आपोआप चालले."

खरं होतं ते. लहानपणापासून मीच त्या हातांवर पट्टी मारून मारून त्यांना तसं चालवलं होतं. दुसऱ्या कुणाच्या पोरानं चिठ्ठ्या मूठभर उचलून आत कोंबल्या असत्या आणि कुणाला कधीच कळलं नसतं.

"कुणाची चिठ्ठी?"

त्यानं वरच्या खिशातून काढली आणि माझ्या हातात ठेवली. मी वाचायला लागले. मला वेळ लागतो, एकेक अक्षर जोडावं लागतं. त्यानं मदत केली नाही, आणि बरंच झालं.

'मला फिट येते. पडत नाही, पण काही क्षण मी कुठेच नसते. हाताला चटका बसला तरी कळत नाही. मी रोलरवर आहे. घरी सांगायची सोय नाही.'

घरी सांगायची सोय नाही. माझ्या घरी!

"दोन वर्षं झाली," थोरला म्हणाला. "तो मोठा ताप आला होता ना, त्यानंतर. डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत, मी गाडीत ठेवतो. तू ज्याला तंद्री म्हणतेस ना आई, ती तंद्री नाही."

दूध उतू गेलेलं मला दिसलं. माझी हाक. मग माझा तो जागं करायचा आवाज. भिंतीकडे बघणारे तिचे डोळे.

"आणि रोलरवर कसा जाऊ दिलास तिला?"

"तू नेमून आणलंस! सगळ्यांना सांगत सुटलीस. नको म्हणायचं तर का ते सांगावं लागलं असतं. आणि का ते तुला सांगितलं असतं तर..." तो थांबला. "काल म्हणाली, मी लिहून टाकलंय, आता जे व्हायचं ते होवो. मी घाबरलो. सगळ्यांसमोर वाचलं गेलं असतं, रोलरवर सहाजणी, तुला लगेच कळलं असतं कोण ते. मला वाटलं, आपण घरातल्या घरात काहीतरी..."

"काहीतरी म्हणजे काय? कधी?"

माझ्या पोटचा गोळा, चांगला, नीटनेटका, आईला चहा आणून देणारा. आणि त्यानं आपल्या बायकोची हाक पेटीतून काढून खिशात घातली होती, कारण आईची जीभ रोलरपेक्षा तापलेली वाटली त्याला.

आतून रोलरचा घरघराट येत होता.

मी धावले. अठ्ठावन्नाव्या वर्षी, चपला गाडीपाशीच टाकून.

६

रोलरच्या खांबावर लाल बटण असतं. ते दाबलं की सगळी ओळ थांबते: धुलाई, वाफ, सगळं. सव्वीस वर्षांत मी ते एकदाही दाबलं नव्हतं, आणि ज्यांनी दाबलं त्यांना आठवडाभर सुखानं जगू दिलं नव्हतं.

मी ते तळहातानं दाबलं.

घरघर थांबली. शांतता अशी, की कान दुखावेत. सूनबाई चादरीचं टोक धरून उभी होती, चांगली टक्क जागी. तिला काहीही झालेलं नव्हतं.

"अहो आई, काय झालं?"

शिट्टी शिट्टी फुंकतच आला. दिवसबाई आली, घडीचं टेबल आलं, बॉयलरवाला आला. मागून थोरला. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी धापा टाकत होते.

"मावशी, बटण का दाबलंत?"

काय सांगू? खरं सांगितलं तर तिचं गुपित उघडं पडतं. खोटं सांगितलं तर रोलर पुन्हा सुरू होतो. चिठ्ठी माझ्या मुठीत होती. सगळ्यांना तोंडावर ऐकवणारी मी, मला पहिल्यांदा कळलं की काही शब्द आपले नसतातच.

मी मूठ उघडून चिठ्ठी तिच्यापुढे धरली. "ही तुझी आहे," मी म्हणाले. "काय करायचं ते तू ठरव. मी फक्त चोराचं सांगते."

मग मी वळले. "पेटी माझ्या मुलानं उघडली. किल्ली गाडीची, घडी माझ्या घरची."

बायकांच्या तोंडून 'अगं आई गं' निघालं. थोरल्यानं मान खाली घातली. "मी कुणाचं वाचलेलं नाही," तो म्हणाला, "पण तुम्ही का विश्वास ठेवावा?"

"नाहीच ठेवणार," बॉयलरवाला म्हणाला. बरोबर होतं त्याचं. दिवसबाईनं हात पुढे केला आणि थोरल्यानं कमरेची किल्ली काढून दिली. त्या दिवसापासून गाडी त्याच्याकडे नाही. तो आता मळके कपडे वेगळे करायला असतो आणि कित्येकजण त्याच्याशी अजून बोलत नाहीत. मीही त्यांच्या बाजूची आहे.

सूनबाईनं चिठ्ठी उलगडली. मला वाटलं फाडेल. तिनं वाचलीही नाही, तशीच हातात धरून बोलली.

"हरवलेली चिठ्ठी माझी. मला फिट येते. पडत नाही, नुसती थांबते. दिवसातून दोनदा, कधी तीनदा. काल या रोलरवर एकदा आली होती. चादर आत गेली, माझा हात नाही गेला. का नाही गेला, मला माहीत नाही."

काल. मी तिकडे टेबलावर बसून बोळा कोंबत होते, तेव्हा.

शेजारी उभी असणारी रोलरवाली एकदम मागे सरकली, मग लाजली आणि पुन्हा पुढे आली. शिट्टीनं गळ्यातली शिट्टी काढून खिशात घातली; त्यानं नेमणुकीवर सही केली होती ना.

दिवसबाईचे डोळे भरले. "किती धीराचं बोललात तुम्ही! पुढच्या महिन्यात आपण यावरच एक दिवस घेऊ. तुम्ही मंचावर..."

"मला दिवस नको, बाई," सूनबाई म्हणाली. "मला टेबल द्या."

दिवसबाई खाली मान घालून म्हणाली, "हो. तेच बरोबर आहे."

शिट्टीनं माझ्याकडे बघितलं. घडीच्या टेबलावर आठ जागा, आठही भरलेल्या, आणि टेबलावर कोण बसणार हे ठरवणारी मी. सातजणी आपापल्या नखांकडे बघायला लागल्या.

"माझी जागा घेऊ दे," मी म्हणाले.

"आणि तुम्ही, मावशी?"

"रोलरला माणूस नको का? चादरी काय स्वतःच्या पायांनी आत जाणार आहेत?"

"अहो, या वयात ती धग..."

"सव्वीस वर्षं तुम्हा सगळ्यांना मी चटके दिले," मी म्हटलं. "आता थोडे मला बसू देत."

"वहिनी, मी मोजू का किती बसतात ते?" वन्सं म्हणाल्या, आणि कुणीतरी हसलं. सकाळपासूनचं पहिलं हसू.

शिट्टीनं बटण सोडलं. रोलर घरघरला. मी चादरीचं टोक उचललं. वाफेनं तोंड भाजलं, पण तसं सांगितलं असतं तर मी मीच राहिले नसते.

पलीकडे सूनबाई माझ्या जागेपाशी जाऊन उभी होती. खुर्ची समोर होती, तरी उभीच. बसावं की नाही ते तिला कळत नव्हतं. माझ्या परवानगीशिवाय त्या खुर्चीवर आजवर कुणी बसलेलं नाही.

"बस गं," मी म्हटलं.

ओरडून नाही. नुसतं म्हटलं, साधं, जसं कुणीही कुणाला म्हणतं. सगळं टेबल दचकून माझ्याकडे बघायला लागलं, आणि सगळ्यांत जास्त मीच दचकले.